स्थानभ्रष्ट चेतापेशी आणि अपस्मार : प्रतिमाचित्रणाने उलगडलेले मेंदूतील जाळे

अपस्माराचा रुग्ण वैद्याकडे येतो तो बहुधा दोन-तीन दारे हिंडून झाल्यावर. त्याच्या पिशवीत ईईजीचे कागद, रक्ततपासण्यांचे अहवाल आणि एमआरआयच्या फिल्मचे मोठे पाकीट असते. त्या अहवालाच्या शेवटी कधी कधी 'पेरिव्हेंट्रिक्युलर नोड्युलर हेटरोटोपिया' किंवा 'फोकल कॉर्टिकल डिस्प्लेसिया' असे शब्द वाचावयास मिळतात. नातेवाइकांना त्याचा अर्थ 'मेंदूत गाठ आहे' एवढाच कळलेला असतो, आणि गाठ म्हटली की अर्बुदाची भीती घरात शिरते. आपल्यापैकी अनेक जण तो कागद वाचून परत पाकिटात घालतात. कारण या शब्दांशी आपला परिचय बेताचाच असतो. वास्तविक त्या एका ओळीत रुग्णाच्या व्याधीचे मूळ आणि पुढील चिकित्सेची दिशा दडलेली असते. अशा विकृतींत मेंदूचे निरनिराळे भाग एकमेकांशी कसे जोडले गेले आहेत, हे जिवंत मनुष्यात पाहण्याची साधने गेल्या तीन दशकांत हाती आली. त्यांतून जे उलगडले त्याचा परिचय वैद्यबंधू-भगिनींना व औषधी व्यवसायातील मंडळींना करून द्यावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

गर्भावस्थेतील प्रवास

मेंदूच्या पृष्ठभागावरील करड्या थराला बाह्यक अथवा कॉर्टेक्स म्हणतात. त्याची जाडी अवघी २ ते ४ मिलिमीटर. पण स्मृती, वाणी, विचार आणि ऐच्छिक हालचाली यांचा कारभार तेथून चालतो. या थरातील बहुतेक चेतापेशी तेथे जन्म घेत नाहीत. मेंदूच्या गाभ्यात द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांना निलय असे नाव आहे. या निलयांच्या भिंतीलगत चेतापेशी उत्पन्न होतात आणि तेथून पृष्ठभागापर्यंत प्रवास करतात. गर्भाच्या दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस हा प्रवास सुरू होतो व पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत त्याचा मुख्य भाग आटोपतो. निलयाच्या भिंतीपासून वरपर्यंत ताणलेले आधारपेशींचे लांब तंतू असतात. दोराला धरून चढावे तशा चेतापेशी त्यांच्या आधाराने वर सरकतात. आधी निघालेल्या पेशी खालच्या थरात थांबतात, मागाहून आलेल्या त्यांना ओलांडून वर जातात, आणि अशा रीतीने सहा थर रचले जातात.

इतक्या लांबच्या प्रवासात घोटाळे होण्यास वाव पुष्कळ. पेशीच बेढब उत्पन्न झाल्या तर बाह्यकाच्या एखाद्या तुकड्याची रचना विसकटते. हे फोकल कॉर्टिकल डिस्प्लेसियाचे एक मुख्य स्वरूप होय. पेशी निलयाच्या भिंतीपासून निघाल्याच नाहीत तर तेथेच करड्या द्रव्याच्या गाठी साचतात. हाच नोड्युलर हेटरोटोपिया. प्रवास अर्ध्यावर थांबला तर पांढऱ्या द्रव्यात करड्या द्रव्याचा आणखी एक पट्टा तयार होतो व चित्रात बाह्यक दुहेरी भासते. पेशी पोहोचल्या, पण शेवटची मांडणी फसली, तर पृष्ठभागावर अतिशय बारीक वळ्या पडतात, त्यास पॉलिमायक्रोजायरिया म्हणतात.

या लेखात मुख्यतः हेटरोटोपियाचाच विचार केला आहे, कारण जाळ्याचा प्रश्न तेथे सर्वांत स्वच्छ रीतीने समोर येतो. ही गाठ म्हणजे अर्बुद नव्हे. ती वाढत नाही, पसरत नाही. तिच्यातील द्रव्य एमआरआयच्या प्रत्येक प्रकारच्या चित्रात बाह्यकासारखेच दिसते, कारण ते बाह्यकाचेच द्रव्य आहे; फक्त जागा चुकलेली आहे. आपल्या देशात झटक्यांच्या रुग्णाच्या चित्रात गाठ दिसली की ती बहुधा फीतकृमीच्या अळीची किंवा क्षयाची असते, आणि त्यांची चिकित्सा अगदी वेगळी आहे. म्हणून 'गाठ' हा शब्द ऐकून थांबू नये, अहवाल मुळातून वाचावा.

१९९८ साली बोस्टन येथील क्रिस्टोफर वॉल्श यांच्या गटाने दोन्ही बाजूंच्या निलयांलगत होणाऱ्या हेटरोटोपियाचे एक महत्त्वाचे कारण शोधून काढले. एक्स गुणसूत्रावरील फिलॅमिन-ए नावाच्या जनुकात दोष असेल, तर पेशीच्या आतील सांगाडा नीट बांधला जात नाही आणि तिचे स्थलांतर अडते. स्त्रीमध्ये दोन एक्स गुणसूत्रे असतात व प्रत्येक पेशीत त्यांपैकी एकच कार्यरत राहते. त्यामुळे ज्या पेशींत निर्दोष गुणसूत्र जागे आहे त्या वर पोहोचतात, उरलेल्या खाली राहतात. परिणामी अशी स्त्री बुद्धीने बहुधा सर्वसामान्य असते, तिचे बाह्यक वरून व्यवस्थित दिसते, आणि झटके मात्र पौगंडावस्थेत किंवा तारुण्यात सुरू होतात. हाच दोष पुरुष गर्भात आला तर तो बहुधा गर्भातच दगावतो. म्हणून अशा रुग्णेच्या इतिहासात वारंवार गर्भपात, आई-मावशी-बहिणींपैकी कोणाला झटके, सांध्यांची अवाजवी शिथिलता, हृदयाच्या झडपांचे वा महाधमनीचे विकार यांची विचारपूस अवश्य करावी. प्रश्नपरीक्षेत आपण कुशल आहोत. येथे तिचा उपयोग आहे. डिस्प्लेसियाची गोष्ट निराळी. त्याच्या काही प्रकारांत एमटॉर नावाच्या वाढ-नियंत्रक साखळीतील बिघाड केवळ मेंदूतील थोड्या पेशींपुरताच असतो, असे २०१५ च्या सुमारास सिद्ध झाले. अशा रुग्णाच्या रक्ताची जनुकीय तपासणी निर्दोष येऊ शकते.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील जातिसूत्रीय अध्यायात गर्भिणीच्या आचरणाचे परिणाम सांगताना कलहप्रिय स्त्रीला अपस्मारी अपत्य होते, असे म्हटले आहे. अपस्माराचे बीज गर्भावस्थेतच पडू शकते, हा त्यातील विचार आजच्या ज्ञानाशी जुळतो. कलहाचे कारण जुळत नाही. अशा मुलाच्या आईला घरात काय काय ऐकून घ्यावे लागते हे आपण सर्व जाणतो. तिच्या वागण्याने हे घडलेले नाही, हे वैद्यानेच सर्वांच्या देखत सांगावे. त्याच्या शब्दाला घरात वजन असते.

गाठ दिसली, परंतु झटका कोठून उठतो?

१९७१ साली लंडन येथे टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अपस्मारावरील शस्त्रक्रियेत काढलेल्या १० रुग्णांच्या मेंदूच्या तुकड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात मोठ्या, विचित्र आकाराच्या चेतापेशी आढळल्या आणि डिस्प्लेसिया हा अपस्माराचे कारण म्हणून वैद्यकविश्वाला नीट परिचित झाला. त्या काळी ही विकृती शस्त्रक्रियेनंतर किंवा शवविच्छेदनातच दिसत असे. एमआरआय आल्यावर ती जिवंत रुग्णात दिसू लागली.

परंतु दिसणे निराळे आणि समजणे निराळे. हेटरोटोपियाच्या बाबतीत प्रश्न असा, की झटका त्या खोल गाठीतून उठतो, की वर असलेल्या व चित्रात निर्दोष दिसणाऱ्या बाह्यकातून? डोक्यावर लावलेल्या ईईजीला याचे उत्तर देता येत नाही, कारण निलयालगतच्या लहानशा गाठीतील क्षीण विद्युत्स्पंदने कवटीबाहेर क्वचितच पोहोचतात. काही केंद्रांनी शस्त्रक्रियेपूर्वी मेंदूत खोलवर बारीक विद्युदग्रे घालून नोंदी घेतल्या. त्यात काही रुग्णांत झटका गाठीत सुरू झाला, काहींत वरच्या बाह्यकात, तर काहींत दोन्हीकडे एकाच वेळी. म्हणजे गाठ एकटी दोषी नाही आणि बाह्यकही एकटे दोषी नाही. दोघांमध्ये काही देवाणघेवाण चालते, असा तर्क पुढे आला. पण मेंदूत विद्युदग्रे घालणे हे काही प्रत्येक रुग्णात करावयाचे काम नव्हे, आणि जेथे ती घातली तेवढ्याच जागेचे ज्ञान त्यांतून होते. संपूर्ण मेंदूचे जाळे शस्त्राविना पाहता येईल काय, या प्रश्नातून संबद्धतेच्या अभ्यासाला चालना मिळाली.

जोडणी मोजतात कशी?

मेंदूचा जो भाग काम करतो त्याच्याकडे रक्ताचा ओघ वाढतो. प्राणवायूयुक्त रक्तरंजक आणि प्राणवायू सोडून दिलेले रक्तरंजक यांचे चुंबकीय गुण भिन्न असतात. १९९० साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सेइजी ओगावा यांनी या भेदाचा उपयोग करून, बाहेरून कोणतेही द्रव्य न टोचता, एमआरआयमध्ये मेंदूचे कार्य पाहता येईल हे दाखविले. यालाच कार्यात्मक एमआरआय म्हणतात. येथे आपण चेतापेशींचा विद्युत्प्रवाह पाहत नसून त्याच्या मागोमाग येणारा रक्ताचा फेर पाहतो, आणि तो फेर ५-६ सेकंदांनी कळसास पोहोचतो, हे विसरता कामा नये. सेकंदाच्या हजाराव्या भागात घडणारी गोष्ट आपण अशी अप्रत्यक्ष व उशिरा पाहतो.

पुढील पाऊल १९९५ साली विस्कॉन्सिन येथे भरत बिस्वाल व सहकाऱ्यांनी टाकले. मनुष्य यंत्रात निवांत पडलेला असतानाही त्याच्या मेंदूच्या डाव्या व उजव्या बाजूंतील हाताची हालचाल करविणाऱ्या क्षेत्रांत रक्ताची मंद भरती-ओहोटी एकाच लयीत चालते, असे त्यांना आढळले. हात हलत नसतो, तरी ती दोन क्षेत्रे जणू एका तालावर असतात. हा निव्वळ यंत्राचा गोंधळ आहे असे प्रारंभी अनेकांना वाटले. कालांतराने ती मेंदूच्या अभ्यासाची एक स्वतंत्र शाखाच झाली.

पद्धत समजण्यास अवघड नाही. टेकडीवर बसून खालच्या दोन वस्त्यांकडे पाहावे, अशी कल्पना करा. माणसे दिसत नाहीत, चुलींचा धूर तेवढा दिसतो. दिवसामागून दिवस दोन्ही वस्त्यांतून धूर एकाच वेळी उठतो आणि एकाच वेळी विरतो, तर त्यांचा काही संबंध असावा असे आपण मानू. अगदी तसेच, हेटरोटोपियाची गाठ हा आरंभबिंदू धरून तिच्यातील रक्तलहरींचा आलेख काढतात व मेंदूतील इतर प्रत्येक बिंदूच्या आलेखाशी तो ताडून पाहतात. जुळणी जितकी घट्ट, तितकी कार्यात्मक संबद्धता अधिक. रुग्णाला यासाठी काही करावे लागत नाही, सहा-आठ मिनिटे डोके न हलविता पडून राहावे लागते इतकेच. डोके हलले तर मात्र खोटे संबंध दिसू लागतात, आणि लहान मुलांत ही अडचण फार येते.

परंतु धूर एकत्र उठला म्हणून दोन वस्त्यांच्या मध्ये रस्ता आहे असे सिद्ध होत नाही. दोन्ही वस्त्या एखाद्या तिसऱ्याच गिरणीच्या भोंग्यावर उठत असतील. रस्ता पाहण्याचे साधन वेगळे आहे. पांढऱ्या द्रव्यातील तंतूंच्या जुडग्यात पाण्याचे कण तंतूंच्या दिशेने सहज सरकतात, आडवे सरकताना अडतात. कोणत्या दिशेला सरकणे अधिक आहे हे मोजून तंतूंची दिशा अनुमानता येते. पीटर बॅसर, डेनिस ल बिहान प्रभृतींनी १९९४ मध्ये या पद्धतीचे गणित मांडले. तिला डिफ्यूजन टेन्सर चित्रण म्हणतात. संगणक या दिशा एकमेकींना जोडून रंगीत तंतूंचे जे नेत्रदीपक चित्र काढतो, ते आता वैद्यकीय परिषदांतील भित्तिपत्रकांवर सर्रास दिसते. त्या चित्राला भुलू नये. तंतू एकमेकांना छेदून जातात तेथे संगणकाची वाट चुकते, आणि संदेश कोणत्या टोकाकडून कोणत्या टोकाकडे जातो हे त्यातून मुळीच कळत नाही.

बोस्टनमधील अभ्यास

हेटरोटोपियाच्या रुग्णांत ही साधने चिकाटीने वापरण्याचे श्रेय प्रामुख्याने बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकॉनेस रुग्णालयातील बर्नार्ड चँग व त्यांच्या सहकाऱ्यांकडे जाते. त्यांचे पहिले निरीक्षण झटक्यांविषयी नसून वाचनाविषयी होते. बुद्धिमापनात सर्वसामान्य ठरणाऱ्या या रुग्णांना अस्खलित वाचन जमत नाही, असे त्यांना २००५ साली आढळले. २००७ मध्ये डिफ्यूजन चित्रणाने त्यांनी दाखविले की गाठींच्या आसपास पांढऱ्या द्रव्यातील तंतूंची रचना बिघडलेली असते, आणि हा बिघाड व वाचनाची गती यांचा परस्परसंबंध आहे. एखादी मुलगी हुशार असूनही वाचनात मागे पडते, शिक्षक तिला आळशी ठरवितात आणि पुढे चौदा-पंधराव्या वर्षी झटके येऊ लागतात. या दोन गोष्टींचे मूळ एक असू शकते.

२०१२ साली याच गटाने मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जॉन गॅब्रिएली यांच्या सहकार्याने निवांत अवस्थेतील कार्यात्मक एमआरआयचा अभ्यास प्रसिद्ध केला. निलयालगतच्या गाठी बाह्यकातील ठरावीक क्षेत्रांशी एका लयीत चालतात, असे त्यात दिसले. या गाठी मेंदूच्या व्यवहारापासून तुटलेल्या, निष्क्रिय नाहीत. त्यांनी आपापल्या जोडण्या करून ठेवल्या आहेत. अपस्मार जितका जुना, तितकी ही जोडणी बळकट आढळली. येथे उतावीळ होऊन चालणार नाही. जोडणी बळकट होत गेल्याने व्याधी टिकली, की वारंवारच्या झटक्यांनी जोडणी बळकट केली, हे एका वेळच्या चित्रावरून ठरत नाही. रुग्णांची संख्याही लहान होती. दुर्मिळ व्याधीत ती लहानच असणार.

प्रतिमेतील जोडणी खरोखर काही परिणाम करते काय, याची परीक्षा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुढील अभ्यासात झाली, आणि माझ्या मते या सर्व मालिकेत हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. कार्यात्मक एमआरआयने गाठीशी जोडलेले बाह्यकाचे क्षेत्र कोणते हे आधी ठरविले. मग डोक्याबाहेर धरलेल्या चुंबकीय वेटोळ्याने त्या नेमक्या क्षेत्राला क्षणिक उद्दीपन दिले व ईईजीवर प्रतिसाद पाहिला. निरोगी मनुष्यात असा प्रतिसाद लवकर विझतो. ज्यांचा अपस्मार सक्रिय होता अशा रुग्णांत उद्दीपन संपून गेल्यावरही उशिरापर्यंत विद्युत्क्रिया चालू राहिली. चित्रातील रंगीत ठिपका आणि प्रत्यक्ष क्षोभ्यता यांची सांगड येथे प्रथम नीट बसली.

शरदातील अंकुर

सुज्ञ वैद्यांच्या मनात येथवर एक प्रश्न आला असेल. गाठ जन्मापासून आहे, जोडणीही बहुधा पूर्वीपासूनच आहे. मग झटके पंधराव्या वर्षी का सुरू व्हावेत, आणि सुरू झाल्यावरही रोज न येता महिन्यामागे का यावेत? हा प्रश्न जुना आहे. अपस्मार अकस्मात येतो व आपोआप शमतो, म्हणून तो दोषजन्य नव्हे असे म्हणणाऱ्यांचे मत सुश्रुताने उत्तरतंत्रात मांडले आहे व खोडूनही काढले आहे. पाऊस पडला तरी जमिनीतील काही बीजे शरद ऋतूतच उगवतात, तसा दोष देहात असूनही व्याधी आपल्या काळी प्रकट होतो, असा त्याच्या उत्तराचा आशय. चरकानेही वेगांच्या मधल्या काळाचा विचार पक्ष, बारा दिवस व महिना असा केला आहे.

आजच्या संशोधकांना हा प्रश्न सुटला आहे असे नाही. जाळ्याची परिपक्वता, पौगंडावस्थेतील बदल, निद्रानाश, ज्वर, औषध चुकणे अशी कारणे ते मोजतात. बीज आणि ऋतू यांचा भेद करण्याची सुश्रुताची दृष्टी येथे अतिशय उपयुक्त ठरते, एवढे निश्चित म्हणता येईल. याहून पुढे जाऊन 'मनोवह स्रोतस म्हणजेच हे जाळे' असे समीकरण काही सभांमधून मांडले जाते, ते मला पटत नाही. संहितेतील संकल्पनेला यंत्राच्या चित्राचा टेकू लागत नाही, आणि यंत्राच्या चित्राला संहितेची मोहोर लागत नाही.

शस्त्रकर्माच्या दृष्टीने

संबद्धतेच्या अभ्यासाचा सर्वांत मोठा व्यावहारिक लाभ होणार आहे तो औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांना. योग्य निवडलेली व योग्य मात्रेतील दोन औषधे देऊनही झटके थांबले नाहीत, तर तो अपस्मार औषधप्रतिरोधक समजावा, अशी व्याख्या आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने २०१० साली केली. तिच्यामागे अनुभव आहे. ग्लासगो येथील क्वान व ब्रॉडी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्के पहिल्याच औषधाने झटकामुक्त झाले. दुसऱ्या वा तिसऱ्या औषधाने आणखी केवळ १४ टक्के. बाह्यकाच्या विकृती असलेले रुग्ण या न बधणाऱ्या गटात मोठ्या प्रमाणात सापडतात.

डिस्प्लेसियाचा तुकडा लहान व वरवर असेल तर तो काढून टाकता येतो. हेटरोटोपियाच्या गाठी खोल असतात, त्यांच्यापर्यंत पोहोचताना निरोगी मेंदू छेदावा लागतो आणि अनेकदा त्या दोन्ही बाजूंना असतात. इटलीतील मिलान येथील निगुआर्दा रुग्णालयाने यावर वेगळी वाट काढली. निदानासाठी घातलेल्या विद्युदग्रांतूनच उष्णता देऊन गाठीतील झटक्याचा उगम जाळला जातो. अग्निकर्माची आठवण होणे स्वाभाविक आहे. जाळे ज्या ठिकाणी तोडावयाचे ते ठिकाण आधी कळणे, हे या उपायाचे मर्म. आणि विद्युदग्रे कोठे घालावीत हे ठरविण्यास संबद्धतेची चित्रे साहाय्यक ठरू शकतात.

आपल्या देशात तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था, बंगळूरची निमहान्स व दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था येथे अपस्माराची शस्त्रकर्मे दीर्घकाळ होत आहेत. मुंबईतही ती सोय आहे. दिल्लीच्या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेली चाचणी प्रत्येक वैद्याने ध्यानात ठेवावी. औषधांना न बधणारा अपस्मार असलेल्या ११६ मुलांची यादृच्छिक विभागणी करण्यात आली. एका वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्या गटातील ७७ टक्के मुले झटकामुक्त होती. केवळ औषधांवर असलेल्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे एकतृतीयांश मुलांना गंभीर उपद्रवही झाले, त्यात एका बाजूची दुर्बलता मुख्य होती, आणि काही शस्त्रक्रियांत ती अपेक्षितच असते. अशा मुलाला 'अजून सहा महिने काढा घेऊन पाहा' म्हणून थोपवून धरणे म्हणजे त्याची शाळेची, वाढीची वर्षे खर्ची घालणे आहे.

निवांत अवस्थेतील कार्यात्मक एमआरआय अजून मुख्यतः संशोधनाचे साधन आहे. एका व्यक्तीच्या एका चित्रावरून शस्त्रक्रियेचा निर्णय होत नाही. झटक्यांचे व्हिडिओसह ईईजी, उत्तम रचनात्मक एमआरआय, प्रसंगी पेट चित्रण, या सर्वांचा एकत्र विचार होतो. त्यामुळे रुग्णाने 'कनेक्टिव्हिटीचा एमआरआय करून आणू का?' असे विचारले, तर ज्या केंद्रात शस्त्रक्रियेचा विचार चालला आहे तेथील तज्ज्ञच ते ठरवितील, असे सांगावे. त्याऐवजी साधा एमआरआय योग्य पद्धतीने झाला आहे की नाही हे पाहावे. २०१९ मध्ये वरील आंतरराष्ट्रीय संघाने अपस्मारासाठी किमान तीन प्रकारच्या सूक्ष्म चित्रमालिका सुचविल्या: त्रिमितीय टी-१, त्रिमितीय फ्लेअर आणि पुढून-मागे काप घेतलेले टी-२ चित्रण. डोकेदुखीच्या रुग्णाची करावी तशी सर्वसाधारण तपासणी करून 'निर्दोष' अहवाल मिळालेल्या अनेकांत, या पद्धतीने पुन्हा पाहिल्यावर वळीच्या तळाशी दडलेला डिस्प्लेसिया सापडतो. सीटी स्कॅनमध्ये तो बहुधा दिसतच नाही.

आपले चिकित्सालय आणि औषधालय

मेंदूतील जाळे क्षोभाच्या काठावर असते आणि चालू औषध त्याला काठावर रोखून धरते, हे एकदा समजले की पुढील सूचनांचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट, कार्बामॅझेपिन यांसारखे औषध एकाएकी बंद केल्यास झटक्यामागून झटका येऊन प्राणावर बेतू शकते. आयुर्वेदीय चिकित्सा सुरू केल्याचा पहिला दिवस हा त्या गोळ्या थांबविण्याचा दिवस कदापि नव्हे. मात्रा कमी करावयाची असल्यास ती मूळ तज्ज्ञाच्या संमतीने व सावकाश. वमन-विरेचनाच्या दिवशी गोळी उलटून पडते किंवा पुरती शोषली जात नाही, शिवाय जागरण व जलक्षय होतो; शोधनकर्म योजण्यापूर्वी या गोष्टींचा हिशेब करावा, शक्यतो ते टाळावे.

शंखपुष्पीविषयी विशेष लिहावयास हवे, कारण स्मृतिवर्धक म्हणून तिची सिरपे आपल्या प्रत्येक दुकानाच्या फळीवर असतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात फेनिटॉइनवर नियंत्रित असलेल्या दोन रुग्णांना शंखपुष्पीचे सिरप सुरू केल्यानंतर पुन्हा झटके येऊ लागले. त्यानंतर तेथील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. वारंवार मात्रा दिल्यावर रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटल्याचे दिसले. हा निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाला. याउलट पिप्पली-मरिचातील पायपेरीन फेनिटॉइनचे शोषण वाढविते, म्हणजे त्रिकटूयुक्त कल्पांनी त्याची विषलक्षणे उमटण्याचा संभव असतो: डोळे थरथरणे, तोल जाणे, झापड. फेनिटॉइनची उपयुक्त मात्रा व घातक मात्रा यांत अंतर थोडे असल्याने दोन्ही दिशांचा बदल महत्त्वाचा ठरतो. गिऱ्हाईक सिरप मागावयास आले की 'फिटची गोळी चालू आहे का?' हा एक प्रश्न काउंटरवरील मुलाला शिकवून ठेवावा.

पोटात घेतलेला कापूर स्वतःच आक्षेप उत्पन्न करतो. बुडापेस्टच्या मेदुना यांनी १९३४ साली मनोरुग्णांत मुद्दाम झटके आणण्यासाठी कापराच्या तेलाची सुई वापरली होती. अपस्मारी मुलाला कर्पूरयुक्त कल्प पोटातून देऊ नयेत, आणि बाह्योपचाराची तेले त्याच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवण्यास घरच्यांना सांगावे.

'अपस्मारावर शंभर टक्के गुण' म्हणून नाव-घटक नसलेल्या पुड्या विकल्या जातात व त्यांत फेनोबार्बिटोनसारखी द्रव्ये मिसळलेली सापडल्याची उदाहरणे आहेत. रुग्ण त्या पुड्या एकाएकी सोडतो तेव्हा होणारा अनर्थ व्याधीच्या नावावर जमा होतो. अशी पुडी घेणारा रुग्ण आला तर ती लगेच बंद करावयास सांगू नये. त्याला मेंदूविकारतज्ज्ञाकडे धाडावे, पुडीही सोबत द्यावी, आणि चिठ्ठीवर ती किती दिवसांपासून व दिवसातून किती वेळा चालू आहे हे स्पष्ट अक्षरांत लिहावे.